घडीवाल्यांची विसावी उडी

आमच्या शेजारच्या घडीवाल्यांना उंचीची भीती वाटते. घरातला दिवा बदलायचा असला की स्टुलावर त्यांची बायको चढते आणि हे खाली उभे राहून स्टूल दोन्ही हातांनी असं गच्च धरतात, की वर तेच चढलेत असं वाटावं.

"सोडा हो, पडत नाही मी," ती वरून म्हणते.

"बोलू नकोस. आधी पीळ तो दिवा."

हाच माणूस आयुष्यात एकोणीस वेळा विमानातून उडी मारून खाली आलेला आहे. माझ्याकडे ते लिहून ठेवलेलं आहे. मी वयाच्या नवव्या वर्षापासून रोजनिशी लिहिते. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनी ती सवय लावली. जे पाहिलं ते सगळं लिहायचं, जे वाटलं त्याला एक ओळ पुरे, असा त्यांचा दंडक होता. घडीवाल्यांबद्दल मात्र मला जे वाटतं ते एका ओळीत काही मावेना, म्हणून हे निराळं लिहायला बसले.

आमच्या वसाहतीच्या कुंपणापलीकडे एक जुना विमानतळ आहे. आता धावपट्टीला भेगा पडल्यात आणि भेगांतून गवत वर आलंय, पण एके काळी तिथे पॅराशूट घेऊन उडी मारायचं शिक्षण द्यायचे. आमचे हे मनोऱ्यात बसून वारा मोजायचे. वारा वाढला की उड्या बंद, तो शब्द ह्यांचा. घडीवाले खाली, चाळीस फूट लांब टेबलांच्या खोलीत, पॅराशूटच्या घड्या घालायचे. म्हणून ते घडीवाले. त्यांच्या बायकोलाही सगळे घडीवालीच म्हणतात आणि तीही ओ देते.

एका पॅराशूटच्या घडीला पाऊण तास लागायचा. घडी झाली की पिशवीच्या आतल्या खिशात एक लहानसं कार्ड ठेवायचं. त्यावर तारीख आणि घडी घालणाऱ्याची सही. आणि तिथला नियम असा होता, की अधिकाऱ्याने न सांगता यावं, फळीवरची मनाला येईल ती पिशवी उचलावी, कार्डावरची सही वाचावी आणि त्या माणसाच्या पाठीला ती बांधून त्याला विमानात बसवावं. ज्याची सही त्याची उडी. घडीवाल्यांवर ही पाळी एकोणीस वेळा आली आणि एकदाही त्यांना सवय झाली नाही. विमानाचं दार उघडलं की ते डोळे मिटायचे, ते जमिनीला पाय लागल्यावरच उघडायचे.

या नोकरीने त्यांच्या हातांना एक खोड लागली. दिसेल त्याची घडी घालायची. वर्तमानपत्र, टॉवेल, दुकानातून आलेली कागदी पिशवी, काहीही. घडी घालून वर तळहात तीनदा फिरवायचा, एकदा मधून आणि दोनदा कडांवरून. "मला ऊठसूट लक्ष ठेवावं लागतं," घडीवाली म्हणते, "एके दिवशी मी झोपले असताना माझीच घडी घालतील."

दुसरी खोड नाकाची. कुठलंही कापड हातात आलं की ते आधी नाकाशी न्यायचं. त्या खोडीपायी ते एकदा चांगलेच गोत्यात आले होते. एकतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. कोणी मोठे पाहुणे उड्या बघायला यायचे होते. मांडव घातला होता, खुर्च्या मांडल्या होत्या. सकाळी घडीवाले टेबलांच्या खोलीत गेले आणि त्यांना कसलातरी आंबूस वास आला. शेजारच्या खोलीत बॅटऱ्या ठेवायचे, त्यातलं तेजाब कापडाला लागलं असेल असं त्यांच्या मनाने घेतलं. तेजाब लागलं की नायलॉन सडतं आणि वरून दिसत नाही. त्यांनी कुणालाही न विचारता फळीवरच्या बावीसच्या बावीस पिशव्या उघडून जमिनीवर पसरल्या. पाहुणे रिकाम्या आभाळाकडे बघून परत गेले. कापडं तपासायला पाठवली, तर आठ दिवसांनी उत्तर आलं, कापड उत्तम आहे, कसलाही दोष नाही. घडीवाल्यांची बढती गेली. पुढे वर्षभर लोक त्यांना नाकवाले म्हणायचे. जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी रुमाल पुढे करायचं, "जरा बघता का, सडलाय का?"

त्या आठवड्याच्या रोजनिशीत मी ह्यांचं एक वाक्य लिहून ठेवलंय. जेवताना मी म्हटलं होतं, "उगीच तोंडघशी पडले बिचारे." त्यावर हे म्हणाले, "पडू दे. वास येऊनही तो गप्प बसला ना, तर त्या दिवसापासून मी एकालाही वर जाऊ देणार नाही, मग वारा कितीही चांगला असो."

पुढे तळ बंद झाला. विमानं गेली, माणसं गेली. घडीवाले निवृत्त झाल्यावर तिथेच राखणदार म्हणून राहिले. विमानं ठेवायच्या हँगरच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला. भिंतीवर आग विझवायच्या वाळूच्या चौदा लाल बादल्या टांगलेल्या आहेत, त्या ते आजही भरलेल्या ठेवतात. "जळायला आत उरलंय काय?" मी एकदा विचारलं. "बादल्या आहेत ना," म्हणाले.

आमचे हे गेले तेव्हा त्यांचं कपाट उघडायची माझी हिंमत होईना. महिना गेला तरी सदरे तसेच टांगलेले. एका दुपारी घडीवाले आणि घडीवाली आले. ती माझ्याजवळ बसली, ते आत गेले. तासाभराने बाहेर येऊन म्हणाले, "वहिनी, पेटीत ठेवलंय सगळं." मी पेटी उघडली ती कितीतरी महिन्यांनी. सदरे, पँटी, लोकरीची टोपी, सगळं कडेला कड लावून. आणि सगळ्यात वर एक लहान कार्ड. तारीख आणि सही.

आता सिनेमाचं सांगते.

दोन वर्षांपूर्वी त्या विमानतळावर एका सिनेमाचं चित्रीकरण झालं. गोष्ट एका जल्लादाची. आयुष्यभर फाशी देण्याचं काम नीट, चोख करत आलेला माणूस आणि त्याच्या हातून जाणारा शेवटचा कैदी. फाशीचा चौथरा उभा करायला उंच छताची जागा हवी होती, म्हणून त्यांनी आमचा हँगर निवडला. आत तुरुंग उभा राहिला. जल्लादाचं काम करणारे नट मोठे नावाजलेले, साठीचे, अतिशय मऊ बोलणारे. आणि कैद्याचं काम मिळालं आमच्या धाकट्या मुलाला.

धाकटा तेव्हा एकोणचाळीस वर्षांचा होता. सतरा वर्षं नाटकात काम करत होता, आणि सतरा वर्षं त्याच्या वाट्याला शिपाई, पोस्टमन, गर्दीतला तिसरा माणूस. बायकोच्या नोकरीवर घर चालायचं आणि ती बापडी कधी बोलून दाखवायची नाही. याला आता पहिल्यांदा नाव असलेलं काम मिळालं होतं. चित्रीकरण होईपर्यंत तो माझ्याकडेच राहिला. पहाटे उठून आरशासमोर नुसता उभा राहायचा. मी चहा ठेवता ठेवता विचारलं, "काय करतोयस?" तर म्हणाला, "भीती न दाखवता घाबरतोय."

घडीवाले रोज हँगरच्या दाराशी खुर्ची टाकून बसायचे. मोठे नट मधल्या वेळात त्यांच्याजवळ येऊन बसत. घडीवाले त्यांना जल्लादसाहेब म्हणायचे.

"काय जल्लादसाहेब, आज कुणाचा नंबर?"

"आज सुट्टी. आज नुसता जेवायचा सीन आहे."

एकदा मी पाहिलं, घडीवाले गप्पा मारता मारता कुणाचीतरी शाल घडी करत होते आणि नट त्यांच्या हातांकडे टक लावून बघत होते. "पुन्हा एकदा कराल?" असं म्हणून त्यांनी ती शाल मोडून परत दिली.

फाशीचा प्रसंग शेवटी ठेवला होता. त्याची युक्ती साधी होती. गळ्यातला दोर खोटा. कैद्याच्या सदऱ्याच्या आत जाड पट्ट्यांचा साज असतो, खांद्यांवरून आणि मांड्यांमधून घट्ट बांधलेला. पाठीवरच्या कडीला बारीक पोलादी तार, ती दोराच्या मागून वर जाते. पायाखालची फळी उघडली की माणूस हातभर खाली येतो आणि साजावर लटकतो. चौथरा बारा फूट उंच. खाली गाद्या घालता येत नव्हत्या, कारण कॅमेरा तिथून वर बघणार होता. खाली नुसता सिमेंटचा कोबा.

दिग्दर्शकाला उजेड हवा होता तो हँगरच्या वरच्या खिडकीतून येणारा. साडेतीनला एक तिरीप चौथऱ्यावर पडते आणि सव्वाचारला सरकते. दोन दिवस ढगांनी खाल्ले होते. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं, आणि दिग्दर्शकाने सकाळीच धाकट्याला सांगितलं, "आज जमलं तर तुझ्या चेहऱ्यावर घेतो. नाही जमलं तर मला थांबता येणार नाही, उद्या बदली माणसावर पाठमोरं उरकेन." म्हणजे सतरा वर्षांनी मिळालेलं काम शेवटच्या क्षणी पाठीवर संपणार.

मी त्या दिवशी गेले होते. सव्वातीन वाजता धाकटा तयार होऊन दाराशी आला, पांढरा सदरा, पांढरी विजार. घडीवाल्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि सवयीने उठून त्याच्या खांद्यांवर हात फिरवला, उडी मारणाऱ्यांच्या फिरवायचे तसा. मग वाकून त्याच्या मानेशी नाक नेलं.

"काका, गुदगुल्या होतात."

"हा पट्टा निळा होता ना परवा?"

"हो. सदऱ्यातून दिसत होता. आज पांढरा दिलाय, नवीन."

"नवीन नाही हा. कुणी धुतला?"

कपडेपट सांभाळणारी मुलगी पुढे आली. पंचविशीची, कामाला वाघीण. कौतुकाने म्हणाली, "मी केला पांढरा. रात्रभर ब्लीचमध्ये बुडवला, मग काल दिवसभर धावपट्टीवर वाऱ्यात वाळवला. एक डागसुद्धा राहिला नाही, बघा ना."

घडीवाल्यांचा चेहरा उतरला. ते स्टंट मास्तरांकडे गेले. मास्तरांना पांढरा साज बघून दुसरा मागवला असं वाटलं होतं. कडी, बकलं, टाके, सगळं त्यांनी डोळ्यांनी तपासलं होतं, आणि डोळ्यांना काही दिसत नव्हतं.

"ब्लीचने नायलॉन मरतं," घडीवाले म्हणाले. "वरून कळत नाही. यात पोराला टांगू नका."

"आजोबा," दिग्दर्शक घड्याळाकडे बघत म्हणाला, "हा पट्टा तीन माणसांचं वजन घेतो."

"घ्यायचा. परवापर्यंत."

"तिरीप आली!" वरून कॅमेरामन ओरडला.

धाकट्याने घडीवाल्यांना बाजूला घेतलं. त्याचा आवाज बारीक होता, पण मला ऐकू आलं. "काका, पाया पडतो. माझं वाटोळं करू नका. तुम्ही त्या वेळीसुद्धा असंच म्हणाला होता ना? बावीस पिशव्या? काही निघालं होतं का?"

एकतीस वर्षांत त्या गोष्टीवर घडीवाले एकदाही काही बोललेले नाहीत. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. धाकट्यानेही पाहिलं.

"आई, तू सांग काकांना."

खरं सांगायचं तर माझ्या मनात आधी त्या पंचेचाळीस मिनिटांचाच हिशेब आला. सतरा वर्षं मी त्या पोराला गर्दीत शोधत बसले होते. पण त्याच्या पाठोपाठ ह्यांचं ते जेवतानाचं वाक्य आलं.

"काकांना वास आलाय," मी म्हटलं. "तू वर चढणार नाहीस."

"आई, मी एकोणचाळीस वर्षांचा आहे."

"म्हणून तोंडाने सांगतेय. लहान असतास तर कान धरला असता."

कुणीतरी हसलं. दिग्दर्शक हसला नाही. एवढ्यात मोठे नट चौथऱ्यावरून पायऱ्या उतरून खाली आले. अंगात जल्लादाचे कपडे, हातात काळी टोपी.

"खटका मी ओढणार आहे," ते त्यांच्या मऊ आवाजात म्हणाले. "मला कळल्याशिवाय मी ओढणार नाही. जल्लाद आदल्या दिवशी पोतं टांगून बघतो, असं आपल्याच गोष्टीत आहे ना? मग पोतं टांगा."

पोतं तयारच होतं, सिनेमातलं. पण नटांची कंबर दुखते म्हणून त्यात नुसता स्पंज भरला होता. घडीवाले भिंतीकडे गेले आणि त्यांनी पहिली लाल बादली खाली काढली. मग सगळेच धावले. एकाहत्तर किलो वाळू भरायची होती, धाकट्याच्या वजनाइतकी. नऊ बादल्या लागल्या. पोत्याला साज घातला, तार जोडली. यात तिरीप हळूहळू चौथऱ्याच्या कडेला गेली आणि माझा मुलगा तिच्याकडे बघत उभा राहिला. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

नटांनी खटका ओढला. फळी उघडली. पोतं हातभर खाली आलं, एक क्षण थांबलं, आणि पाठीवरच्या कडीचे टाके टराटरा उसवत गेले. बारा फुटांवरून ते कोब्यावर आपटलं आणि फुटलं. वाळू माझ्या पायांपर्यंत आली.

स्टंट मास्तरांनी तो पट्टा उचलला आणि नखाने टाक्याचा दोरा ओढला. ओल्या कागदासारखा तुटला. कपडेपटाची मुलगी खाली बसून रडायला लागली. धाकटा त्या वाळूकडे बघत होता, एकाहत्तर किलो.

घडीवाले खराटा घेऊन आले आणि वाळू गोळा करायला लागले. नऊ बादल्या रिकाम्या होत्या ना. मी जवळ जाऊन बादली धरली.

"वहिनी," ते मान वर न करता म्हणाले, "आज चुकलो असतो तर फार बरं झालं असतं."

मग त्या रडणाऱ्या मुलीजवळ जाऊन म्हणाले, "ऊठ पोरी. रंग मात्र झकास जमला होता. असा पांढरा मला कधी जमला नाही."

दिग्दर्शक शहाणा माणूस निघाला. त्याने बदली माणसाचं नाव पुन्हा काढलं नाही. चार दिवसांनी दुसरा साज आला, निळाच. त्या मुलीने ब्लीचची बाटली फेकून दिली होती. तिने आणि घडीवाल्यांनी जुन्या लांब टेबलावर बसून त्या पट्ट्यांवर पांढऱ्या मांजरपाटाची खोळ शिवली, टाका मूळ पट्टीला न लावता. मग घडीवाल्यांनी साज इंच इंच चाचपला, हुंगला, आतल्या बाजूला एक खिसा केला आणि त्यात कार्ड ठेवलं. तारीख आणि सही.

"चला," ते म्हणाले. "आता मी चढतो."

"तुम्ही कशाला?" मास्तर म्हणाले. "पोतं आहे, मी आहे."

"सही माझी आहे."

बहात्तर वर्षांचा माणूस. खाली गाद्या घातल्या, एकावर एक चार. स्टुलावर न चढणारे घडीवाले कठड्याला धरून, एकेका पायरीवर थांबत बारा फूट वर गेले. मास्तरांनी साज चढवला. घडीवाली माझ्या शेजारी उभी होती, तिने माझा दंड इतका दाबला की तिची बोटं उमटली.

"तयार?" नटांनी विचारलं.

"विचारू नका हो, ओढा," घडीवाले डोळे मिटून म्हणाले.

खटका पडला. घडीवाले हातभर खाली आले आणि थांबले. एकदा गोल फिरले. डोळे मिटलेलेच.

"बरोबर आहे," ते हवेतूनच म्हणाले. "आता मला खाली घ्या. लवकर घ्या."

पाय गादीला लागल्यावर त्यांनी डोळे उघडले. माझ्या रोजनिशीत त्या दिवशी आहे: विसावी. घडीवालीने त्यांना गाठलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "आता घरचा दिवा कोण बदलणार? मी की तुम्ही?"

"तूच. दिव्यावर माझी सही नसते."

साडेतीनला तिरीप आली आणि आमचा धाकटा वर चढला. पहिल्याच वेळेला जमलं. तेव्हापासून ते कार्ड त्याच्या पाकिटात आहे. आता त्याला कामं मिळतात, फार नाही, पण चेहऱ्यासकट. त्याने माझ्याशी त्या दुपारीबद्दल एकदाच बोलणं काढलं. "मी काकांना ते बावीस पिशव्यांचं बोलायला नको होतं," म्हणाला. मी म्हटलं, "मग त्यांना सांग." तो गेला, आणि तासाभराने परत आला तो त्यांच्या घरचे सगळे टॉवेल घडी करून.

सिनेमा लागला तेव्हा आम्ही सगळे गेलो. धाकटा आणि सूनबाई पुढच्या रांगेत, मी, घडीवाले आणि घडीवाली मागे. सिनेमात फाशी झाल्यावर तो जल्लाद एकटाच कोठडीत जातो. कैद्याचा सदरा आणि विजार फळीवर पडलेली असते. तो सदरा उचलतो, कडेला कड लावून घडी घालतो आणि वर तळहात फिरवतो, एक मधून, दोन कडांवरून. मला त्या अंधारात ह्यांची पेटी दिसली. मी शेजारी पाहिलं. घडीवाल्यांना स्वतःचे हात ओळखू आले नव्हते. ते अजून आधीच्या फाशीच्याच प्रसंगात होते, जो पडद्यावर नऊ सेकंद टिकतो.

"वहिनी," ते कुजबुजले, "पट्टा दिसला नाही. कुठेच दिसला नाही. पोरीने काम चोख केलंय."

"अहो, पट्टा काय बघताय!" घडीवाली डोळे पुसत म्हणाली. "तो मेला ना तिथे!"

"मेला कुठे?" घडीवाल्यांनी पुढे वाकून माझ्या मुलाच्या खांद्यावरून हात फिरवला. "हा काय, बसलाय."